कोरी बाटली

औषधशास्त्राच्या कॉलेजात अर्ककाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. प्रयोगशाळेत पानं वाळवायची, साली कुटायच्या, स्पिरिटमध्ये भिजत घालायच्या, गाळायच्या आणि मंद आचेवर आटवून चिकट काळपट अर्क काढायचा, हे त्यांचं काम. पोरं आधी त्यांना कामावरून अर्ककाका म्हणायची आणि नंतर स्वभावावरून. गाळणकागद दुमडावा तर काकांनीच. दुसऱ्या कुणी दुमडला की काका तो उलगडायचे, पुन्हा दुमडायचे आणि वर एक उसासा टाकायचे, जणू सगळ्या विज्ञानाचा भार त्यांच्याच खांद्यावर होता.

असा माणूस निवृत्त झाला आणि घरी खिडकीत येऊन बसला. समोरच्या रस्त्यावरून कोण कुठे जातं याच्यावर त्यांचं बारीक लक्ष असे, पण त्यात जीव नव्हता. काकूंनी एकदा त्यांना मसाले निवडायला दिले. काकांनी ते आकारमानाप्रमाणे लावून ठेवले. त्यानंतर काकूंनी हात टेकले.

मग काकूंचं दुखणं आलं. छातीतली गाठ काढून झाली होती, उपचार झाले होते, सगळे जरा हुश्श म्हणत होते, तोच कॅन्सर पाठीच्या मणक्यांत उतरला. आता तो बरा होणार नाही, पण वेदना आवाक्यात ठेवता येतील, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. घरी येणाऱ्या सिस्टरने मॉर्फिनची बाटली दिली, माप समजावलं. ती गेल्यावर काकूंनी बाटली कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली.

"हे आत्ताच नको," त्या म्हणाल्या. "हे शेवटी देतात."

काकांनाही ते नकोच होतं. खसखशीच्या बोंडातला चीक, आणि त्या चिकातून निघणारं हे द्रव्य, हे त्यांना चांगलं ठाऊक. कॉलेजात त्याची कुपी दोन कुलपांच्या आत असायची. ती बाहेर निघाली की मोठमोठे प्राध्यापकसुद्धा हळू आवाजात बोलत. असलं औषध आपल्या बायकोच्या पोटात जायचं ही कल्पनाच त्यांना सोसेना.

"मी आहे ना," ते म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांसाठी अर्क काढले. तुझ्यासाठी काढता येणार नाही का?"

झालं! स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. ओट्यावर नरसाळी आली, चहाची गाळणी हद्दपार झाली. आलं, हळद, अंगणातल्या झाडाची साल, जुन्या सवयीने तपासून घेतलेली पानं, यातलं काय किती हे काका कुणाला सांगत नसत. घरभर असा वास सुटायचा की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. तयार अर्क चमचाभर काकूंना द्यायचा, आणि मग पलंगाशेजारी खुर्ची ओढून वाट बघत बसायचं.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय हो. पाठ हलकी झाली."

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. सिस्टर आली की काकू तिलाही तेच सांगायच्या, "यांच्या औषधाने उतार आहे. तुमची बाटली राहू दे." सिस्टर काकूंकडे जरा जास्त वेळ बघायची, अर्कात काय काय आहे ते डॉक्टरांना कळवा म्हणायची, आणि जायची. काका मात्र हवेत. शेवटी न राहवून त्यांनी कॉलेजातल्या मॅडमना फोन लावला. या मॅडमच्या हाताखाली त्यांची निम्मी नोकरी गेली होती.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काका, कोरी लावलीत का?"

प्रयोगशाळेतला पहिला धडा हा. अर्काची परीक्षा घ्यायची तर शेजारी एक कोरी बाटली लावायची. रंग तोच, चव तीच, फक्त वनस्पती नाही. कोरी लावल्याशिवाय कुठलाही अर्क गुणकारी म्हणायचा नाही. ती विसरणाऱ्या कितीतरी पोरांना काकांनी स्वतः झापलं होतं.

त्यांना काकूंचा संशय मुळीच नव्हता. उलट आपला अर्क सोन्यासारखा ठरणार, मग डॉक्टरांनाही सांगता येणार, या खुशीत त्यांनी साखर पार काळी होईपर्यंत जाळली, पाण्यात विरघळवली आणि तशाच बाटलीत भरली. दुपारी चमचा काकूंच्या ओठांना लावला. काकूंनी नेहमीसारखं तोंड वाकडं केलं आणि गिळलं.

"कसं वाटतंय?"

"आज तर फारच बरं वाटतंय," काकू म्हणाल्या. "आज काही वेगळं घातलंत का?"

काका उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याला टेकून उभे राहिले. त्यांनी स्वतःची समजूत घालून पाहिली. विश्वासानेही माणसाला आराम पडतो, कोऱ्या बाटलीनेही कधीकधी गुण येतो, मॅडम हेही शिकवायच्या. चष्मा पलंगाशी राहिला म्हणून ते परत दाराशी आले आणि तिथेच थबकले. काकूंना ते दिसले नव्हते. त्या कूस बदलायचा प्रयत्न करत होत्या. उशीचं टोक दातांत धरलं होतं, डोळे घट्ट मिटले होते, आणि पलंगाची कड धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती. तोंडातून आवाज नव्हता. आवाज स्वयंपाकघरात जाऊ नये याची सगळी काळजी त्या बाईने घेतली होती.

काकांना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. उकळत्या भांड्यावर एक बुडबुडा जास्त आला तरी ज्याला दिसायचा, त्या माणसाने इतके दिवस फक्त अर्काकडे पाहिलं होतं. बायकोकडे पाहिलंच नव्हतं.

ते आत गेले, खुर्चीत बसले. "अगं, त्या बाटलीत काही नव्हतं. जळकी साखर आणि पाणी."

काकूंनी डोळे उघडले. "म्हणजे तुम्ही मला फसवलंत?"

"आणि तू काय करत होतीस?"

काकूंना हसू आलं, आणि हसण्याने पाठीतून कळ गेली, तशी त्यांनी पहिल्यांदाच "आई गं" म्हटलं, मोकळं, मोठ्याने. काकांनी त्यांचा हात धरला.

"अहो, तुम्ही खिडकीत बसून सुकत चालला होतात," कळ ओसरल्यावर काकू म्हणाल्या. "माझं दुखणं आलं आणि तुम्ही परत माणसात आलात. सकाळी उठून काय कुटत होतात, काय गाळत होतात! तुमचं ते तोंड बघून मला बरं वाटायचं. ते खोटं नव्हतं."

"आणि पाठ?"

"पाठीचं विचारू नका."

काका रडले. लाजले नाहीत, तोंडही फिरवलं नाही. मग उठून त्यांनी सिस्टरला फोन केला आणि कोऱ्या बाटलीसकट सगळं सांगितलं.

सिस्टर आली, पलंगाच्या कडेवर बसली. काकांनी तिला सवयीचं विचारलं, गुंगीचं विचारलं, हे शेवटचं औषध ना, तेही विचारलं. ती म्हणाली, "काका, हे शेवटचं औषध नाही, दुखण्याचं औषध आहे. दुखायला लागलं की द्यायचं. डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात आणि वेळेवर घेतलं तर सवयीची भीती बाळगायचं कारण नाही, आम्ही लक्ष ठेवतो. सुरुवातीला झोप येईल, पोट साफ होणार नाही, त्याचं वेगळं औषध देते. आणि तुमचा अर्क मात्र बंद, दोन्ही एकत्र नको."

"तोही झाडाचाच होता," काका पुटपुटले.

"हेही झाडाचंच आहे की," सिस्टर म्हणाली. "फक्त याची कोरी आधीच लावून झालीय."

काकांनी मान डोलावली. त्यांनी फळीवरची बाटली काढली, सील तोडलं, माप उजेडात धरून भरलं. मग ते काकूंच्या ओठांना लावलं. त्या संध्याकाळी काकू झोपल्या, ओठ सैल सोडून, डाव्या कुशीवर. काका बाजूला बसून नुसते बघत राहिले.

पुढे बरे दिवस आले आणि वाईटही. एका दुपारी काकांनी नेहमीप्रमाणे खुर्ची ओढली. "कसं वाटतंय?"

काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जरा विचार केला.

"दुखतंय हो," त्या म्हणाल्या. "कालपेक्षा जास्त."

काकांनी लगेच फोन उचलला. आवाजात इतका आनंद होता की सिस्टरने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. "ती म्हणाली दुखतंय," काका सांगत होते. "सिस्टर, तिने मला सांगितलं."