बहात्तर पायऱ्या आणि उद्धवरावांचं ऑडिट

उद्धवराव एकतीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासत होते. निवृत्त झाल्यावर त्यांना तपासायला फक्त बायको उरली.

शाहूनगरातली आमची श्रमसाफल्य सोसायटी चार मजली आहे आणि तिला लिफ्ट नाही. मी तळमजल्यावर राहते, उद्धवराव आणि कस्तुराबाई चौथ्यावर. मध्ये बहात्तर पायऱ्या आहेत. शहाण्णव साली घरं वाटली गेली तेव्हा उद्धवरावांनी चौथा मजला मागून घेतला होता. वर वारा असतो आणि डोक्यावर कोणी नाचत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वारा अजून आहे, गुडघे संपले. तेही उद्धवरावांचे नाहीत, कस्तुराबाईंचे. मागच्या पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत त्या दोनदाच खाली उतरल्या होत्या, एकदा डॉक्टरकडे आणि एकदा पुतणीच्या लग्नाला. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा नाहीतर जिना सोडा. ऑपरेशनला त्या घाबरतात, म्हणून जिना सोडायचं ठरलं. चिखलीला लिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं एक घर उद्धवरावांनी पाहिलं. घरमालक भला माणूस होता. एकतीस मार्चपर्यंत थांबतो म्हणाला. तोवर इकडचं घर विकायचं होतं.

एवढी साधी गोष्ट होती, पण उद्धवरावांनी तिचं ऑडिट केलं.

ऑडिट म्हणजे काय, हे त्यांनीच एकदा माझ्या ओसरीत बसून समजावलं. मोठ्या कंपनीचा माणूस तपासणीला येणार असला की आठवडाभर आधी कारखाना रंगवायचा, जमिनीवर पिवळे पट्टे ओढायचे, सगळ्यांना नवे हातमोजे द्यायचे. आणि वर्षभर साठलेला खराब माल?

"तो टेम्पोत भरायचा काकू, आणि टेम्पो दिवसभर नाशिक रस्त्यावर फिरवत ठेवायचा. ऑडिटर गेला की परत."

"मग त्या मालाचं काय करता?"

"ठेवायचा परत जागेवर."

"खराबच?"

"खराबच. पण ऑडिट पास."

हे सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या सत्पुरुषासारखा शांत होता. या कामासाठी कंपनीने त्यांना चांदीचं नाणं दिलं होतं.

घर दाखवायची तयारी डिसेंबरात सुरू झाली. भिंतींना फिकट पिवळा रंग लागला. बेडरूमच्या भिंतीवर, पलीकडच्या बाथरूममुळे, ओलीचा एक डाग आहे. त्याचा आकार दरवर्षी वाढतो. त्यावर सात धावत्या घोड्यांचं चित्र लागलं. घोडे डागापेक्षा लहान निघाले, म्हणून पिंपरी कॅम्पातून आणखी मोठे घोडे आणले. बाल्कनीत प्लास्टिकचं हिरवळ-जाजम आलं. माझ्या खिडकीतला मनीप्लांट, आठ दिवसांसाठी म्हणून, वर गेला आणि तिथेच रमला. नळांवरचे क्षाराचे पांढरे डाग लिंबाने घासून गेले. सगळे दिवे बदलले. ते असे झगझगीत होते, की संध्याकाळी चौथा मजला दागिन्यांच्या दुकानासारखा दिसे.

मग वार ठरवायचा प्रश्न आला. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. इमारतीच्या मागे एक वर्कशॉप आहे, त्यातली प्रेस सकाळी आठपासून धडधडते आणि मांडणीवरच्या वाट्या तिच्या तालावर सरकतात. ती बंद असते फक्त गुरुवारी. म्हणजे नळाला पाणी आहे आणि प्रेस गप्प आहे, असा दिवस चौदा दिवसांत एकदाच येतो. उद्धवरावांनी तो कॅलेंडरवर हिरव्या पेनने मांडला. कोणी रविवारी येऊ का विचारलं तर ते सांगत, रविवारी घरी सत्यनारायण आहे. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्याकडे सात सत्यनारायण झाले आणि एकाचाही प्रसाद कोणाला मिळाला नाही.

जिन्याचा उपाय तर फारच नामी होता. प्रत्येक मजल्यावर ते एक गोष्ट सांगत. पहिल्यावर सोसायटीच्या मिटरांची, दुसऱ्यावर समोरच्या बागेची, तिसऱ्यावर आपल्या चांदीच्या नाण्याची. तेवढ्यात पाहुण्यांचा श्वास जागेवर येई आणि आपण चार मजले चढलो हे त्यांच्या ध्यानात राहत नसे.

राहता राहिला खराब माल.

पहिल्या गुरुवारी, नऊ जानेवारीला, सकाळी साडेआठला दाराबाहेर काठीचा आवाज आला. कस्तुराबाई उभ्या होत्या, घामाने भिजलेल्या. उतरायला त्यांना एकोणीस मिनिटं लागली होती. मागून उद्धवराव दोन फेऱ्यांत सामान घेऊन आले. कमोडची खुर्ची, गरम पाण्याची पिशवी, तेलाच्या बाटल्या, लोणच्याच्या पाच बरण्या, गोधड्यांचं गाठोडं. घरात म्हातारपणाची एकही खूण राहता कामा नये, असं त्यांनी मला सांगितलं. चौथ्या मजल्यावर काठी दिसली की गिऱ्हाईक हिशेब करतं. कोणी विचारलंच, तर कस्तुराबाई म्हणजे माझ्या नणंदबाई, तळेगावहून राहायला आलेल्या.

म्हणजे माझी बाहेरची खोली हाच नाशिक रस्ता झाला.

मी कस्तुराबाईंना म्हटलं, तुमच्या गुडघ्यांसाठी घर विकायचं, आणि त्यासाठी तुमचेच गुडघे बहात्तर पायऱ्या उतरवायचे, हे कुठलं गणित? त्या तेल चोळत म्हणाल्या, "उगं वाद कशाला काकू. एकदा विकलं की सुटले." मग दुपारी वर गेल्या. चढायला चाळीस मिनिटं. तिसऱ्या मजल्यावर त्या पायरीवर बसल्या तेव्हा उद्धवराव वरून विचारत होते, लिंबाचं फिनेल कुठं ठेवलंय.

असे चार गुरुवार झाले. पहिल्या गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर लहान वाटलं. दुसऱ्या गुरुवारी तळवड्याहून आलेल्या बाईंनी सगळ्या खोल्या पाहिल्या, एकही चपलेचा जोड नाही, एकही औषधाची पट्टी नाही, ओट्यावर चहाचा थेंब नाही, आणि हळूच विचारलं की इथं कोणी वारलं का. तिसऱ्याने घर का विकता म्हणून विचारलं, त्याला सांगितलं मुलगी बंगळुरूला बोलावते. चौथ्याला सांगितलं गावची शेती बघायची आहे. उद्धवरावांना मुलगी नाही. एक मुलगा आहे, तो जर्मनीत असतो आणि गावची शेती त्यांच्या भावाने केव्हाच आपल्या नावावर करून घेतली आहे. खरं कारण सांगायला त्यांना लाज वाटे. मालात खोट आहे हे पुरवठादाराने स्वतः सांगायचं नसतं.

दरम्यान कस्तुराबाईंचा डावा गुडघा नारळाएवढा झाला.

पाचवा गुरुवार सहा मार्चचा. त्या दिवशी नवनाथ आला. चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत सुपरवायझर, वय पस्तीसच्या आसपास, बायको रात्रपाळी करून झोपलेली म्हणून सोबत आई. आई चतुराबाई, मूळच्या भोरकडच्या, नऊवारी नेसलेल्या. त्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मान वर केली, आणि पाय परत घेतला. मुलाला म्हणाल्या, तू बघून ये, मी हितंच टेकते. मी त्यांना आत बोलावलं. न बोलावणं मला जमलं नसतं, आणि खरं सांगायचं तर बोलावताना मला पाप केल्यासारखंही वाटलं नाही.

आत कस्तुराबाई पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. मी नणंद म्हणून ओळख करून दिली. चतुराबाई पाणी प्यायल्या. त्यांनी भिंतीकडची खुर्ची पाहिली, गाठोडं पाहिलं, बरण्या मोजल्या.

"पावण्या का तुमी?"

"व्हय. तळेगावच्या," कस्तुराबाई म्हणाल्या.

"तळेगावच्या पावण्या लोणच्याच्या पाच बरण्या संगं घिऊन फिरत्यात? आनि संडासाची खुर्ची?"

कस्तुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. पुढचा अर्धा तास त्यांनी सगळं सांगितलं. जिना, डॉक्टर, चिखलीचं घर, पाच गुरुवार. सांगताना त्यांनी नवऱ्याची एकदाही निंदा केली नाही. पायऱ्यांचीच केली. चतुराबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत सारून आपलाही गुडघा दाखवला. दोघींनी एकमेकींचे गुडघे बाजारात वांगी दाबून पाहावीत तसे दाबून पाहिले.

वर काय चाललं होतं ते नवनाथने नंतर सांगितलं. घर पाहताना त्याला सगळं आवडत होतं आणि तरी काहीतरी ओळखीचं वाटत होतं. स्वयंपाकघरात डब्यांवर एकाच मापाच्या चिठ्ठ्या. बाथरूममध्ये बादली भिंतीपासून बरोबर एक टाइल सोडून. मग त्याने दाराच्या मागे पाहिलं, माळा उघडला. माळा रिकामा. तीस वर्षं राहिलेल्या माणसाचा माळा रिकामा असतो का? तो उद्धवरावांकडे वळून म्हणाला, "काका, टेम्पो कुठं पाठवलाय?"

उद्धवराव म्हणाले, कसला टेम्पो.

"आमच्याकडं मीच नेतो. मागच्या ऑडिटला आळंदी फाट्यावर सहा तास बसलो होतो वडापाव खात."

ते दोघे खाली आले तेव्हा मी चहा गाळत होते. नवनाथने दारातूनच बरण्या, खुर्ची, गाठोडं आणि त्यांच्या मध्ये बसलेल्या कस्तुराबाई पाहिल्या.

"हा काय टेम्पो," तो म्हणाला. मग त्याने जीभ चावली. तो खाली बघू लागला.

चतुराबाईंनी मुलाला सांगितलं, घर चांगलं असंल, पन मला वर न्यायाला चार मानसं लागतील, आनि तवा मला काय घर दिसनार न्हाई. नवनाथ हसला नाही. तो उद्धवरावांना म्हणाला की आई सोबत राहणार आहे, तेव्हा माफ करा. दोघं गेले. जाताना चतुराबाईंनी कस्तुराबाईंच्या गुडघ्याला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला.

उद्धवराव खुर्ची उचलायला वाकले.

"राहू द्या ती," कस्तुराबाई म्हणाल्या.

"अगं, वर न्यायला हवी ना."

"तुमचं ऑडिट तुमी बघा. मी आता वर येत न्हाई."

एवढंच. आवाज चढला नाही, रडणं नाही. पस्तीस वर्षांत नवऱ्याला त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं असावं, कारण उद्धवरावांनी वाद न घालता खुर्ची परत जागेवर ठेवली आणि ते एकटेच जिना चढले.

त्या रात्रीपासून कस्तुराबाई माझ्या बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर झोपू लागल्या. उद्धवराव वर, आपल्या नमुना घरात, सात घोड्यांखाली. पण वरच्या घरात चहा नव्हता. सकाळी ते चहाला खाली येत, मग वर जात, मग पोहे खायला खाली, मग जेवायला, मग जिरं कुठं आहे विचारायला. रिमोट कसा चालतो ते विचारायलाही आले होते. फोन होता, पण कस्तुराबाई तो उचलत नव्हत्या. दिवसाला सहा-सात फेऱ्या. पहिले दोन दिवस ते गाणं गुणगुणत उतरत. पाचव्या दिवशी कठड्याला हात लागला. आठव्या दिवशी पोहे खाता खाता त्यांनी टेबलाखाली हळूच पोटरी चोळली. कस्तुराबाईंनी ते पाहिलं, उठल्या, आणि तेलाची बाटली त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

एकतीस तारीख अकरा दिवसांवर आली तेव्हा रविराज आणि दिव्या आले. नुकतंच लग्न झालेलं, दोघेही सत्तावीसच्या आतले. दोघांनी पायांत पळायचे बूट घातले होते. गुरुवार होता, पाण्याचाही दिवस होता. उद्धवराव त्यांना जिन्याकडे न नेता सरळ माझ्या घरात घेऊन आले.

"ही माझी बायको," ते म्हणाले. "हिचे गुडघे गेलेत, म्हणून घर विकतोय. बहात्तर पायऱ्या आहेत. पाणी दिवसाआड येतं. मागची प्रेस आज बंद आहे, उद्या तुम्हाला ऐकू येईल. बेडरूममध्ये घोड्यांच्या मागे ओल आहे."

दिव्याने नवऱ्याकडे पाहिलं. "घोड्यांच्या मागे?"

"वर गेल्यावर कळेल," कस्तुराबाई म्हणाल्या. "पण आधी सांगा, किती वर्षं राहणार इथं?"

रविराज म्हणाला, पाच-सात वर्षं, मग बघू.

"तेवढं चालतंय. जा, वर जाऊन या. आणि खाली आल्यावर माझ्याशी एक अख्खं वाक्य बोला, न थांबता."

ते दोघं गेले, मागून उद्धवराव किल्ली घेऊन. जिन्यात या वेळी मिटरांची गोष्ट ऐकू आली नाही, बागेची नाही, नाण्याचीही नाही. पंधरा मिनिटांनी दिव्या धावत खाली आली आणि एका दमात म्हणाली, "काकू, घोडे काढून भिंत दाखवली काकांनी, ती दुरुस्त करून घ्यायचं जमत असेल तर आम्हाला घर पाहिजे, वारा फार छान आहे."

कस्तुराबाईंनी तिच्या छातीकडे पाहिलं. श्वास संथ होता.

"यांना द्या," त्या मला म्हणाल्या, जणू किल्ल्या माझ्याकडे होत्या. मग त्यांनी दारातून जिन्याकडे कान दिला. वरून कठड्याला धरत धरत उतरणारी पावलं ऐकू येत होती, अजून तिसऱ्या मजल्यावरच. त्यांनी काठी घेतली आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

"हे खाली येईस्तोवर चहा व्हतोय बगा."