दूध उतू गेलं त्या दिवशी

माझ्या थोरल्या जावेला मी डोळ्यांसमोर नको होते आणि मलाही ती नको होती. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं त्यात कुणी माया शोधू नये.

मी पारशिवनीकडची. लग्न होऊन सक्करदऱ्याला आले तेव्हा घरात चारच माणसं होती: भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, त्यांची बायको आणि आम्ही दोघं. माझा नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर जायचा, तिथंच राहायचा, सुटीला घरी यायचा. बाकी सगळे दिवस स्वयंपाकघरात ती आणि मी.

त्या काळी गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आमचा नंबर लागला तेव्हा जाऊ गल्लीभर सांगून आली. जोडणाऱ्या माणसानं शेगडी जमिनीवरच मांडली, कारण घरात ओटा नव्हता आणि जावेला पाटावर बसूनच रांधायची सवय. ‘आधी काडी पेटवा, मग कॉक फिरवा. हा गॅस वर जात नाही, खाली पायापाशी साचतो. वास आला तर सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, काडी ओढू नका,’ असं तो सांगत होता. जाऊ शेजारणींना शेगडी दाखवण्यात गुंतलेली. मी दाराशी उभी राहून ऐकलं.

तो गेल्यावर ती मला म्हणाली, “तू याले हात नोको लावू वं. तुले फुंकणीची सवय. अंगणात चूल आहे, तिथं भाकरी टाक.”

तिची रीत उलटी होती. कॉक सोडायची आणि मग माचिस शोधायची. एकदा मला राहवलं नाही. “बाई, आधी काडी पेटवा, मंग कॉक फिरवा.”

“मले शिकवून राहिली का? तुह्या बापानं तरी गॅस पाह्यला होता का?”

त्यानंतर मी जे म्हणेन त्याच्या उलट करायचं तिनं धरलं. मी खिडकी उघडली की ती लावायची. मी नळी तपासा म्हटलं की नळीवरच भांडं ठेवायची.

थंडीतली सकाळ होती. खिडकी बंद. मी अंगणात चादरी धूत होते. जाऊ दूध शेगडीवर ठेवून पुढच्या दारात शेजारणीशी बोलत उभी होती. मला वास आला. आत धावले तर दूध उतू जाऊन जाळ विझलेला आणि गॅस सुंसुं करत सुटलेला. मी कॉक बंद केला, सिलिंडरही बंद केला. खिडकीकडे वळले तोवर ती आत आली.

“माही शेगडी काहून बंद केली वं?”

“बाई, गॅस साचला आहे. काडी नोका ओढू. आधी बाहेर चला.”

“तू सांगशील आता मले?” असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहत, मुद्दाम, काडी ओढली.

जमिनीलगत निळा भडका सरकला आणि तिच्या नायलॉनच्या साडीनं पेट घेतला. मी अंगणातली ओली चादर ओढून आणली, तिला त्यात गुंडाळलं, खाली पाडलं. ती मला शिव्या देत होती आणि मी तिला दाबून धरत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर जायला सांगितलं. दार अर्धवट उघडं होतं. “कोणी पेटवलं का?” त्यांनी तिला विचारलं. बाई जळाली आणि घरात सासू किंवा जाऊ असली की तेव्हा पहिला प्रश्न हाच यायचा. तिनं दारातून माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. किती वेळ, ते सांगता येत नाही. ती माझं काय करू शकते हे मला तेव्हा कळलं. तिलाही कळलं. मग म्हणाली, “दूध उतू गेलं होतं. काडी म्याच ओढली.”

मला उपकार वाटले नाहीत. एवढा वेळ घेतला, याचाच संताप आला.

घरी आल्यावर तिनं भासऱ्यांना वेगळंच सांगितलं. “इनं सिलेंडरशी खेळ केला, म्हनून भडका झाला.” भासऱ्यांनी मला काहीच विचारलं नाही. तिचे भाजलेले पाय बरे होईपर्यंत तिची मलमपट्टी आणि गॅसवरचा स्वयंपाक मीच केला. ती खाटेवरून ओरडायची, “मले जाळून झालं, आता घर जाळ.” मी एकदाही उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला लागले असते तर मीच मलमाची बाटली तिला फेकून मारली असती.

नवऱ्याला खापरखेड्याला क्वार्टर मिळालं आणि मी सामान बांधलं. निघताना भासऱ्यांच्या पाया पडले, तिच्या पडले नाही. ती दाराला टेकून म्हणाली, “जाय. माही शेगडी तरी सुटली तुह्या हातातून.”

क्वार्टरात पुढची कितीतरी वर्षं मी रॉकेलच्या स्टोव्हवर रांधलं. वीज केंद्रातल्या कोळशाची राख खिडकीतून आत यायची, भांड्यांवर बसायची. भांडी दोनदा धुवावी लागत. पण मागं उभं राहून बोलणारं कुणी नव्हतं, आणि तेवढं मला पुरे होतं.