मास्तरांना सुचलेली नक्षी

"नक्षी रस्त्यात पडलेली असते हो, उचलणारा पाहिजे!" असं म्हणून मास्तर एक डोळा मिटायचे आणि अंगठ्या-बोटाचं गोल करून त्यातून बघायचे. समोर काहीही असो. चिरलेला कांदा, एसटीच्या खिडकीची जाळी, हातगाडीवर रचलेले पेरू. आपणही बघायचो. आपल्याला पेरूच दिसायचे.

आमच्या चादरीच्या कारखान्यात ते डिझाइन मास्तर होते. बारीक चौकोनांच्या कागदावर ते नक्षी भरायचे आणि तो कागद समोर ठेवून मी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचो. त्या पट्ट्या मागावर चढल्या की चादरीवर मोर उभा राहायचा. सुचायचं त्यांना, ठोकायचं मी. तुम्हीही त्या काळात सोलापुरी चादर पांघरली असेल तर मास्तरांची एखादी नक्षी तुमच्या अंगावरून गेलेली असणार.

चांगली नक्षी बाजारात आली की शेजारचे कारखाने लगेच तिची नक्कल करायचे. मास्तर संतापायचे. "चोर आहेत लेकाचे! दुसऱ्याच्या डोक्यातलं उचलताना हात कसा थरथरत नाही यांचा?" आम्ही सगळे माना डोलवायचो.

पुढे मी त्यांच्याच बोळात बिऱ्हाड केलं आणि माझी मान डोलायची थांबली.

मास्तर विणकरांच्या तेलुगू घरातले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, रोज पहाटे दारात सडा घालून रांगोळी काढायच्या. त्यांच्याकडे तिला मुग्गु म्हणतात. आधी ठिपक्यांच्या सरळ ओळी, मग त्या ठिपक्यांना वळसे घालत जाणारी एकच रेघ. कागद नाही, पुसापुशी नाही. आणि उंबऱ्यावर चहाचा कप घेऊन बसलेले मास्तर, मांडीवर चौकोनांचा कागद. ठिपका तिथे चौकोन. ते सरळ उतरवून घ्यायचे. दुपारी तोच कागद माझ्यापुढे यायचा आणि मास्तर म्हणायचे, "काल झोपच लागली नाही बघा. एकदम सुचलं."

रस्त्यात पडलेली नक्षी म्हणजे ही.

वहिनींना राग नव्हता, हे मला आधी खरं वाटेना. उलट चादर तयार झाली की मागच्या दाराने माझ्या बायकोला दाखवायला आणायच्या. "हे बघ, नागपंचमीचं माझं." पण एकदा त्या मास्तरांना म्हणाल्या, ते मी माझ्या ओट्यावरून ऐकलं. "लई नको हो मला. कारखान्यात एकदा बोला की, बायकोचं आहे म्हणून. एकदाच."

"बोलू की," मास्तर म्हणाले. "वेळ आली की बोलू."

वेळ आली. मुंबईचा एक मोठा व्यापारी चादरी बघून इतका खूष झाला की, हे काढतो कोण त्याला भेटायचंच म्हणून बसला. मालक त्याला घेऊन थेट आमच्या बोळात. पट्ट्यांचं काम समजावून सांगायला मलाही बोलावलं होतं. दारात वहिनींनी त्या दिवशी जीव ओतला होता. व्यापारी बूट घालून त्यावरूनच आत आला. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. व्यापाऱ्याने विचारलं, "मास्तर, हे सगळं सुचतं कसं तुम्हाला?"

वहिनींनी मास्तरांकडे बघितलं. मीही बघितलं. मास्तरांनी एक डोळा मिटला, वर हात केला आणि म्हणाले, "देवाची देणगी आहे, साहेब."

वहिनींनी सगळ्यांना चहा दिला. साखर कमी आहे का, तेही विचारलं.

दुसऱ्या दिवशी दारात नुसता सडा होता. तिसऱ्या दिवशीही तेच. दारात रांगोळी नाही म्हणजे घरात सुतक, एवढं बोळातल्या पोरालाही कळतं. समोरच्या म्हाताऱ्या काकू पदर सावरत आल्या. "कोण गेलं गं?"

"कोणी नाही, काकू," वहिनी म्हणाल्या आणि बादली घेऊन आत गेल्या.

मास्तरांची नक्षी आटली. जुन्याच मोराची मान इकडची तिकडे करायचे. मालकांनी मग परदेशी चादरींचं एक पुस्तक आणून टेबलावर टाकलं. "यातले गुलाब उतरवा." मास्तर गुलाब उतरवू लागले. शेजारच्या कारखान्यातही तेच पुस्तक होतं आणि तेच गुलाब. आता मास्तर कुणाला चोर म्हणत नसत.

एका पहाटे ते उंबऱ्यावरून म्हणताना ऐकू आले, "एक काढ की गं. कागदसुद्धा आणला नाही, बघ. नुसतं बघायला."

"मला कुठं येतं?" वहिनी म्हणाल्या. "देणगी तुम्हाला आहे की."

अशी कैक वर्षं गेली. खोटं कशाला बोलू, मला मास्तरांची कीव यायची आणि कीव आली की स्वतःचाच राग यायचा. एका शब्दाचा तर प्रश्न होता. तो काही त्यांनी उच्चारला नाही. कारखान्यात नाही, बोळात नाही, माझ्यापाशीही नाही. वहिनींनीही हट्ट सोडला नाही.

मग एका सकाळी मी डबा घेऊन कामाला निघालो आणि त्यांच्या दारापुढे थबकलो. मुग्गु! उंबऱ्यापासून थेट गटारापर्यंत. इतका मोठा मी कधी पाहिला नव्हता. रेघ कुठे सुरू झाली नि कुठे संपली, सापडत नव्हतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मिटलं एकदाचं, म्हटलं. आता मास्तर परत एक डोळा मिटून बघायला लागणार. कडेकडेने, रेघ न मोडता, मी हसतच आत गेलो.

मास्तरांना जमिनीवर निजवलं होतं. रात्री झोपेतच गेले होते. वहिनी उशाशी बसल्या होत्या, बोटं अजून पांढरी.

माझ्या मागून काकू आल्या आणि दारातच ओरडल्या, "अगं, शुद्धीवर आहेस का? घरात मयत नि दारात रांगोळी?"

वहिनींनी मास्तरांच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत नीट ओढली. "आता उतरवून घेणारं कोण आहे, काकू?" त्या म्हणाल्या.

दुपारी खांदेकरी आले. बोळ अरुंद. सगळ्यांचे पाय रांगोळीवरूनच गेले.