काळाचौकीत दुरुस्त झालेलं धरण

आमच्या घाटातल्या धरणाचं मॉडेल मांडीवर सांभाळत मी एसटीने दादरला उतरले, तेव्हा अर्ध्या गाडीला मी ओली बाळंतीणच वाटले असणार. काळजी तेवढीच होती. आमचं जलविद्युत केंद्र बांधलंय जुन्या पावसाच्या भरवशावर. हल्लीचा पाऊस चार महिन्यांचं पाणी चार दिवसांत ओततो आणि गायब होतो. आधी धरण काठोकाठ, मग जनित्र उपाशी! सांडव्याला (जादा पाणी सोडायची वाट) आणखी दरवाजे हवेत, हे परळच्या बैठकीत कंपनीच्या साहेबांना पटवायचं होतं. धरणाच्या पायथ्याशी आमचं गाव आहे.

हिंदमाताच्या कापडबाजारात साड्यांच्या गठ्ठ्यांची हातगाडी आली आणि माझा निम्मा सह्याद्री चेपून गेली. थर्माकोलचा भुगा घेऊन मी काळाचौकीला मावशीकडे पोचले, तेव्हा माझं रडणं शिवडीपर्यंत ऐकू जात होतं. मावशीने बांगड्याचं तिखलं (तिखट कालवण) वाढलं.

"आधी जेव गो बाये. धरण काय पळान जाता?"

तोवर मावसभाऊ दिनूदादाने मंडळाची फौज आणली. गणपतीचा देखावा बाजूला सारून चाळीस माणसं (बरं, सहा) धरणावर तुटून पडली.

"ताई, मागे फिरता धबधबा देऊ?"

"नको रे!"

"लायटिंग तरी?"

धरण असं सजलं, की खऱ्या धरणाने लाजून मान खाली घालावी.

दुसऱ्या दिवशी परळच्या काचेच्या टॉवरात मी झारीने जुना पाऊस पाडला. चक्र फिरलं, थर्माकोलच्या गावात दिवा लागला. मग बादलीने नवा पाऊस ओतला. पाणी गावावरून थेट साहेबांच्या मांडीवर! सगळी बैठक हसली. बघते तर सांडवा प्लास्टरने बुजवलेला. देखाव्यात भोक दिसता कामा नये, हा मंडळाचा शिरस्ता.

"साहेब, सांडवा चुकून बुजलाय," मी सांगून टाकलं. केसातल्या पिनेने प्लास्टर खरवडलं.

"आता पुन्हा ओता," साहेब पँट झटकत म्हणाले.

ओतलं. सांडवा उघडा असूनही पाणी गावावरून गेलं. दिवा विझला. या वेळी कुणी हसलं नाही.

"दरवाजे वाढवावे लागतील," साहेब म्हणाले. "आणि कुणीतरी टॉवेल द्या."

परतताना मांडीवर मावशीचा डबा होता. धरण मी मंडळालाच देऊन आले. त्या सहाजणांच्या हातांचे उपकार फेडायला दुसरं होतं काय माझ्याकडे?

गणपतीत दिनूदादाने फोटो धाडला. बाप्पासमोर आमचं धरण, आणि सांडव्याशेजारी ठळक पाटी: ‘हे भोक मुद्दाम ठेवले आहे.’

फोटो गावभर फिरला. लोकांनी आधी बाप्पाला हात जोडले, मग पाटीला.