वाजणारी पडवी

गंगाराम मेस्त्री गेल्याचं मला बंदरावर कळलं. मंगळूरहून कौलांचं गलबत लागलं होतं आणि फुटक्या कौलांवरून माझी तांडेलाशी हुज्जत चालली होती. बाजूला जाळं शिवत बसलेला एक म्हातारा मान वर न करता म्हणाला, "मेस्त्री गेले. सकाळीच." तांडेल नेमका तेव्हाच नरमला होता. आणखी दोन शब्द टाकले असते तर त्याने ऐकलं असतं... मी वळलो आणि घराकडे चालू लागलो. सौदा अर्ध्यावर टाकून मी आयुष्यात कितीतरी वेळा उठलो आहे, पण तो समोरच्याने हाक मारून परत बोलवावं म्हणून. त्या दिवशी तांडेलाने खरोखरच मागून हाका मारल्या. त्या ऐकूनही माझे पाय वळले नाहीत.

आम्ही दोघे एका वाडीतले. मी बंदरावर ओझी वाहायचो तेव्हा तो बापाच्या हाताखाली होड्या दुरुस्त करायला शिकत होता. पुढे मी स्वतःच्या जिवावर कौलांचा व्यापारी झालो, लोक शेट म्हणू लागले. गंगारामला मी शेवटपर्यंत 'बाबी'च राहिलो. त्याचं पोट होड्यांवर चाले, पण जीव सगळा भलत्याच उद्योगांत. एका गणपतीत त्याने आमच्या वाडीत फुगडी घालायच्या जागेवर रुंद फळ्यांचा पाट टाकला आणि त्याखालून सुतळ्या नेऊन वर माटवीला जोडल्या. गणपतीच्या डोक्यावर सुपारीच्या घडांची शिपटं, कवंडळाची केशरी फळं, रानातली फुलं टांगलेली ती माटवी. बायकांनी फुगडीचा वेग वाढवला की वरची कवंडळं डुलू लागत आणि त्याने बसवलेले लाकडी पोपट गरगर फिरत. बायका थांबल्या की पोपटही थांबत. गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून उठल्या होत्या.

मी त्याला म्हटलं, असल्या दहा माटव्या कर, आगबोटीने मुंबईला पाठवू, घेणारे तुटून पडतील. त्याने विडी विझवली. "आणि फुगडी कोण घालतला? ती पण पेटयेत भरून धाडतलंस काय?" सगळी हसली. विसर्जनाच्या दिवशी त्याने सुतळ्या गुंडाळल्या, पोपट पोरांना वाटले, पाटाच्या फळ्या होडीला लावल्या. केलेली कुठलीच वस्तू तो ठेवत नसे. एवढी कला हातात असून तिचं काही करायचं नाही, याचा मला फार राग येई. त्याचं एक तरी काम कायमचं राहावं आणि ते माझ्याकडे राहावं, असं मनात घेऊन बसलो होतो.

म्हणून नवं घर बांधलं तेव्हा पडवी त्याच्या हवाली केली. मोडीत निघालेल्या गलबताच्या सागवानी फळ्या त्याने आणल्या. प्रत्येक फळीखाली बांबूची कांब आणि एक करवंटी अशी बसवली, की पाय पडला की फळी जराशी दबे आणि कांब करवंटीवर आपटे. प्रत्येक फळीचा आवाज निराळा. पडवी पुरी झाली का, असं विचारलं तर म्हणाला, "चलान बघ. तू चललंस की पुरी." माझी आई चाले तेव्हा टुक... टुक... असं लांब अंतराने वाजे. पोरं तर दिवसभर उड्या मारत. बायको चुलीकडूनच ओळखायची कोण आलं ते. आणि मी? मी चाललो की तांबटाचं दुकान उघडल्यासारखं होई. गंगाराम पोट धरून हसायचा.

मग एकदा बांद्याचा एक व्यापारी कौलांसाठी आला. माझी रीत अशी, की भाव सांगायचा, 'घरात विचारून येतो' म्हणून उठायचं आणि गिऱ्हाइकाला बाहेर अंगणात पिकत ठेवायचं. तसा उठलो. सौदा मला फार हवा होता, त्यामुळे पडवीच्या आतल्या अंगाने, त्याला दिसणार नाही अशा, येरझाऱ्या सुरू झाल्या. बाहेर आलो तर तो पान लावत शांतपणे म्हणाला, "शेट, तोंड नाय म्हणता, पण तुमचे पाय कधीचे होय म्हणतत." मला त्याने सांगितलेल्या दराने माल द्यावा लागला.

तापट तर मी आहेच. तसाच गंगारामला बोलावून घेतलं आणि चार माणसांदेखत म्हटलं, "काढ ही. आत्ताच्या आत्ता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरां," म्हणाला आणि पहार मागितली. संध्याकाळपर्यंत पडवी उखडून, खाली माती चोपून, फळ्या गाडीत भरून तो निघूनही गेला.

लोक म्हणतात मी त्याचा अपमान केला. केला असेल. पण माझंही गाऱ्हाणं आहे आणि ते मी आज तो नसतानाही सोडणार नाही. माझं पहिलं 'नाही' कधीच खरं नसतं, हे बंदरावरचं कुत्रंही जाणतं. लहानपणापासून त्याने मला असंच पाहिलेलं. त्याने एवढंच म्हणायचं होतं, "थांब रे बाबी, राग जाऊ दे." मी थांबलो असतो. त्याने एक शब्द काढला नाही. त्यानंतरची कितीतरी वर्षं आम्ही समोरासमोर आलो की तो मान हलवायचा, मी पुढे जायचो... आणि दहा पावलांवर चाल मंद करायचो. हाक आली नाही.

गेला त्या वर्षी तो आजारी असल्याचं कळलं आणि मीच गेलो. खाटेवर पार वाळून गेलेला. बसल्या बसल्या तोंडातून निघालं, "तेव्हा काही बोलला का नाहीस?"

"तू काढ म्हटलंस, मी काढलंय."

"ते तसं नव्हतं, तुला ठाऊक होतं."

"बाबी, घासाघीस विकूच्या वस्तूची रे. मी खंय विकूक बसलेलंय?"

फळ्या कुठे आहेत, विचारलं. होड्यांना लागल्या, म्हणाला. मग मी मला जे येतं ते सुरू केलं. मुंबईचा मोठा डॉक्टर, आगबोटीत निजायची सोय, बरोबर माझा माणूस. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बघूया."

उभा जन्म बाजारात काढला आहे मी. 'बघूया' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. तरीही मी बोलतच राहिलो. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला, तो निवला, आणि मी बोलतच होतो... त्याला हवं असं माझ्याकडे काहीच नव्हतं.

तेराव्यानंतर मी दुसरा सुतार आणून पडवीला पुन्हा फळ्या टाकून घेतल्या. करवंट्या, कांबी, सगळं आठवेल तसं सांगितलं. माणूस कसबी. त्याने फळ्या अशा घट्ट बसवल्या, की बैल नाचवला तरी हलू नयेत. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. जोरात चाललो. मग म्हटलं, "काढ ही."

तो लगबगीने पुढे आला. "शेट, असां काय करतास? जरा थांबा. राग जावंदे. चार दिवस चलान तर बघा..."

मी ऐकत उभा राहिलो. तो बराच वेळ समजावत होता. अखेर मी मान डोलावली.

फळ्या अजून आहेत. आई गेली, पोरं मोठी झाली. माझ्याच येरझाऱ्या आता तिथे चालतात. काही ऐकू येत नाही.