उद्याच्या लसीचा बर्फ

"काका, आईसपॅक काढा. असतील तेवढे काढा," डॉक्टर मॅडम वॉर्डातून ओरडल्या.

"मॅडम, ते उद्याच्या लसीचे आहेत," मी म्हणालो.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. मे महिना. जिंतूर तालुक्यातलं आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि लाईट सकाळी अकरापासून गेलेली. मी तिथला फार्मासिस्ट. खिडकीतून गोळ्या देणं हे माझं लोकांना दिसणारं काम. न दिसणारं काम लसी सांभाळण्याचं. लस दोन ते आठ डिग्रीतच ठेवावी लागते. तापली की वाया. काही लसी तर गोठल्या तरी वाया. रोज सकाळ-संध्याकाळ फ्रीजचं तापमान रजिस्टरला लिहायचं. माझी अख्खी नोकरी या दोन आणि आठच्या मध्ये गेली म्हणा ना.

लस गावोगाव न्यायची तर तिच्या डब्यात बर्फ लागतो. त्यासाठी पाणी भरलेले प्लास्टिकचे चपटे डबे डीप फ्रीझरमध्ये गोठवून ठेवतात. तेच आईसपॅक. दुसऱ्या दिवशी चार गावांत लसीकरण होतं. आशाताईंनी घरोघर जाऊन आयांना सांगून ठेवलं होतं. फ्रीझरला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात.

कुलपालाही कारण होतं. काही वर्षांपूर्वी कुणीतरी साखरपुड्याच्या सरबतासाठी आईसपॅक उचलून नेले, आणि नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. कारणे दाखवा नोटीस मला मिळाली. सरबत पिणाऱ्यांपैकी एकही माझ्या बाजूनं बोलला नाही. त्या दिवसापासून आईसपॅक म्हटलं की मी कुत्र्यासारखा राखण करत बसायचो.

पेशंटचं नाव मारोती. मेंढपाळ, पन्नाशीचा, काटक माणूस. खतासाठी एका शेतात त्याची मेंढरं बसवली होती. त्याला जीपमध्ये घालून आणलं त्याच्या बायकोनं, गयाबाईनं. खाली उतरवला तेव्हा दोन घोंगड्यांत गुंडाळलेला होता.

"हे कुणी पांघरलं?" मॅडमनी घोंगड्या ओढून काढत विचारलं.

"म्याच, बाई," गयाबाई म्हणाली. "सकाळपसून मेंढरामागं होते. दोपारी झाडाखाली येऊन पडले. अंग लय तापलेलं, कायबी बडबड करायले. मला वाटलं ताप हाय. घाम सुटला की उतरंल म्हनून पांघरलं."

घाम सुटलाच नव्हता. कातडी लाल, कोरडी ठणठणीत. थर्मामीटरनं एकशे सात दाखवला.

"तापाचं इंजेक्शन काढू का?" मी विचारलं.

"हा ताप नाही, काका. उष्माघात आहे."

फरक समजून घेण्यासारखा आहे. साध्या तापात शरीर स्वतःच ठरवून गरम होतं, जंतूंशी लढायला. गोळी दिली की ते ऐकतं आणि ताप उतरतो. उष्माघातात शरीर काहीच ठरवत नाही. घामानं गार होण्याची त्याची सोयच बंद पडते आणि उन्हाची आग आत साठत जाते. तिथं गोळीचा काही उपयोग नाही. बाहेरून गार करायचं, तेही ताबडतोब, कारण मेंदूला इतकी उष्णता सोसत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

सिस्टरनी नळाचं पाणी ओतायला घेतलं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं ते पाणी हाताला चटका देत होतं. माठ दुपारच्या ओपीडीतच रिकामा झाला होता. रॅकवरची सलाईनची बाटलीसुद्धा कोमट. सगळ्या इमारतीत गार अशी एकच जागा होती, आणि तिची किल्ली माझ्याकडे होती.

"काका!" मॅडम पुन्हा ओरडल्या.

"लाईट नाही, मॅडम. आता झाकण उघडलं तर उद्याचं सेशन बोंबलेल. तालुक्याच्या सरांना एक फोन करतो. परवानगी मिळाली की लगेच देतो."

मॅडमना नोकरीला लागून सहाच महिने झाले होते. माझे केस पांढरे. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "लवकर करा." त्यांनी माझ्या खिशात हात घालून किल्ली काढून घेतली असती तर बरं झालं असतं. आजही वाटतं.

सरांचा फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ते मीटिंगमध्ये होते. रेंजसाठी मी व्हरांड्यात गेलो. आत मारोतीला झटके येऊ लागले. गयाबाई पदरानं त्याला वारा घालत होती. मी तिसऱ्यांदा फोन लावला, मग चौथ्यांदा.

"अहो, माणूस मरायलाय आणि तुम्ही बर्फाची परवानगी मागता?" सर फोनवर कडाडले. "द्या की!"

मी धावलो. कुलूप उघडलं, आईसपॅक नेले. मॅडमनी ते कापडात गुंडाळून त्याच्या मानेला, काखेत, जांघेत लावले. तिथं मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात. अर्ध्या तासात पारा एकशे दोनवर आला. रुग्णवाहिका आली आणि त्याला परभणीला घेऊन गेली. सिस्टरनी केसपेपरवर लिहिलेली वेळ मी नंतर वाचली. बर्फ लावला, दोन बावन्न. म्हणजे बावीस मिनिटं.

संध्याकाळी लाईट आल्यावर मी उरलेले आईसपॅक मोजले. चार गावांना लसीचे चार डबे, एका डब्यात चार आईसपॅक. सोळा हवे होते. फ्रीझरमध्ये अठ्ठावीस उरले होते, दगडासारखे घट्ट. दुसऱ्या दिवशी चारही गावांतलं लसीकरण वेळेवर झालं.

मारोती वाचला. पण त्याचा तोल कायमचा गेला. जीभ जड झाली. चालताना भिंत धरावी लागते. मेंढरांना घालायची हाक त्याच्या तोंडून उमटत नाही. मेंढरं विकून टाकली.

हे मला गयाबाईनंच सांगितलं. दिवाळीनंतर ती त्याच्या गोळ्या न्यायला खिडकीशी आली. जाताना पिशवीतून एक नवी काळी घोंगडी काढून तिनं आत सरकवली.

"ही तुमाला. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची हाय, शेवटची."

"मला कशाला, बाई?"

"तुमी बरफ दिला म्हनून मालक वाचले. मीच येडी, पांघरून बसले. माझ्यानंच झालं हे सगळं."

खरं सांगायची वेळ तीच होती. बाई, तू पांघरलंस ते माहीत नव्हतं म्हणून, मी अडवलं ते माहीत असून. एवढंच बोलायचं होतं. मागे रांग होती. मी म्हणालो, "जेवणानंतर एक गोळी, दिवसातून दोनदा." ती मान हलवून गेली.

निवृत्त होताना नव्या फार्मासिस्टला चार्ज दिला. रजिस्टरं दिली, किल्ली दिली आणि सांगितलं, "उष्माघाताचा पेशंट आला की आधी बर्फ द्यायचा, मग फोन करायचा."

"हा नियम कुठे लिहिलाय, सर?" त्यानं विचारलं.

"कुठेच नाही. म्हणून तोंडी सांगतोय."

घोंगडी माझ्या कपाटात आहे. दर थंडीत बायको ती बाहेर काढते, म्हणते, एवढी चांगली ऊबदार आहे, पांघरा की. मी घडी करून पुन्हा आत ठेवतो. तिलाही मी अजून काही सांगितलेलं नाही.