लाल दोऱ्याची झाडं

किसन वानखडेवर अन्याय झाला तो पोळ्याच्या करीला, सकाळच्या हजेरीच्या वेळी, चिखलीजवळच्या सरकारी कापूस-फार्मावर. आज पत्रकांचा गठ्ठा बांधायला लाल दोरा हाती घेतला आणि ती सकाळ जशीच्या तशी समोर उभी राहिली.

आम्ही दोघं तिथल्या संशोधनातले सर्वांत धाकटे मदतनीस. उद्या उमलणारी कपाशीची कळी आजच दोऱ्याने बांधायची, म्हणजे परक्या झाडाचा पराग आत शिरत नाही. त्याचा दोरा लाल, माझा पांढरा. लांब धाग्याचं बियाणं निघालं ते लाल दोऱ्याच्या झाडांतून. अक्षर माझं चांगलं, म्हणून अहवाल मी उतरवला.

करीला तो छापून आला. ओल्या काळ्या मातीच्या वासात शाईचा वास मिसळला होता. किसनने पहिलं पान दोनदा उलटून पाहिलं.

"अबे, माहं नाव कुठी हाय?"

"छापणाऱ्याकडून राह्यलं असन."

"वा रे! तुहं बरं सापडलं त्याले!"

तो हसला. मी त्याचं नाव लिहिलंच नव्हतं.

त्याच दिवशी तो सोनाळ्याला, आपल्या गावी निघून गेला. मग त्याच्या ओळीतल्या कळ्याही मीच बांधू लागलो, पांढऱ्या दोऱ्याने. सवयीने आणलेली दोघांची भाकर बांधावर एकटाच खायचो. तेव्हा वाटलं होतं, त्याने थट्टेवारी नेलं. आज कळतं, हसून तो मला कबुली द्यायला वेळ देत होता.

दुसऱ्यांच्या चोऱ्यांवर मी पत्रकं काढतो. ही चोरी माझी. वाचकहो, तो अहवाल हाती आला तर पहिल्या पानावरचं एकुलतं नाव खोडा आणि तिथे किसन वानखडे लिहा. शाईनेच लिहा.